आमच्या फळीवरच्या भांड्यांवरची नावं वाचा

प्रति,
आमच्या मळ्यापर्यंत वीज आणणाऱ्या कंपनीचे स्थानिक अधिकारी
आणि आमच्या तालुक्याचा महसुली कारभार पाहणारे अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका गावच्या मळ्यात राहते. शेती करते आणि शिवणकाम करते. यंदा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी पाऊण वाजता शेजारच्या उसाला आग लागली आणि सव्वा वाजायच्या आत आमचं घर त्यात गेलं. त्याला आज छप्पन्न दिवस झाले. इतके दिवस मी गप्प होते. तुमची माणसं येऊन पाहून गेली होती, कागद रंगवायला वेळ लागतो, होईल, असं घरात सगळे म्हणत होते. गेल्या सोमवारी पंचनाम्याची नक्कल हातात आली. त्यात तीन वाक्यं आहेत. ‘घराचे अंशतः नुकसान.’ ‘आगीचे कारण अज्ञात.’ ‘संसारोपयोगी भांडी व साहित्य उपलब्ध.’

तिसरं वाक्य वाचल्यावर त्या रात्री मला झोप आली नाही. हे पत्र मुख्यतः त्या वाक्यासाठी आहे. ते मी सगळ्या गावासमोर लिहिते आहे, कारण त्या वाक्यात सगळं गाव आहे.

आमच्या घराच्या पश्चिमेला शेजाऱ्यांचा दोन एकर आडसाली ऊस उभा होता. तोड आठ-दहा दिवसांवर आली होती. त्या उसावरून गेलेल्या विजेच्या तारा दोन खांबांच्या मधोमध इतक्या खाली आल्या होत्या, की वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, त्यांना घासायचं. बाजूच्या वाटेनं उसाची ट्रॉली न्यायची तर वर एक पोरगा वेळूची काठी घेऊन बसायचा आणि ट्रॉली पुढं सरेपर्यंत तार उचलून धरायचा. ते बघताना दरवेळी माझ्या पोटात गोळा यायचा. म्हणून नोव्हेंबरमध्ये आमच्या मालकांनी कंपनीच्या कार्यालयात अर्ज दिला आणि शिक्का मारून पोच घेतली. ती पोच घरात जळाली, पण पुतण्यानं त्याच दिवशी तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, तो आहे. अर्ज दिल्यापासून आग लागेपर्यंत तीन महिन्यांत तारा ओढायला कुणी आलं नाही.

त्या दिवशी पश्चिमेचं वारं सुटलं होतं. मी ओसरीवर मशीनवर बसले होते. फाडकन आवाज झाला आणि डोक्यावरचा पंखा थांबला. वीज गेली म्हणून मी धोटं बदलायला घेतलं, तेवढ्यात पलीकडच्या तात्यांची हाक आली, “वैनी, म्हशी सोडा आदी! फड पेटलाय!”

उसाची आग ज्यांनी पाहिली नाही त्यांना तिचा वेग सांगून पटत नाही. पिकलेल्या उसाच्या बुडात वाळलेल्या पाल्याचा थर असतो. तो धरला की जाळ उसाच्या दुप्पट उंच जातो आणि पेटती पाती वाऱ्यावर उडून पन्नास-साठ फूट पुढं पडतात. आग मागून चालत यायच्या आधीच पुढं दुसरी पेटलेली असते. कांड्या फुटल्याचा तडतडाट तर असा, की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. एक पेटतं पातं आमच्या कडब्याच्या गंजीवर पडलं. गंजीवरून गोठा, गोठ्यावरून घराची वळचण. मी विळ्यानं दावी कापून दोन म्हशी हाकलल्या. रेडी आतल्या कोपऱ्यात होती, तिच्यापर्यंत जाता आलं नाही. तिचं ओरडणं अजून कानात आहे. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी अधू, आतल्या खोलीत निजलेल्या. तात्यांनी त्यांना पाठुंगळी घेऊन बाहेर काढलं. बाहेर आल्यावर त्या सारख्या एकच म्हणत होत्या, “देव राहिलं गं आत.”

सासऱ्यांनी १९८४ साली बांधलेलं घर होतं. विटा-मातीच्या भिंती, सागवानी तुळया, मंगलोरी कौलं. आत चार क्विंटल हळद, वर्षाची ज्वारी, लेकीची दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, रेशनकार्ड, माझं मशीन, आणि लग्नसराईसाठी बायकांनी शिवायला दिलेले तेवीस ब्लाउजपीस. त्यातलं काहीच हाती लागलं नाही.

आमच्या विहिरीत त्या दिवशी पंधरा फुटांवर पाणी होतं. कृष्णा तिथून दहा मिनिटांच्या वाटेवर. पण ज्या तारांमुळं आग लागली त्याच तारांवर आमची मोटर चालते. लाइन गेली आणि भरल्या विहिरीच्या काठावर आम्ही रिकाम्या हातानं उभे राहिलो. कंपनीच्या माणसाला सात वेळा फोन लावला, लागला नाही. पहिला बंब साखर कारखान्याचा आला, पस्तीस मिनिटांनी, तोही उसाच्या ट्रॉल्यांची रांग बाजूला काढत काढत. त्यावरच्या माणसांनी जिवापाड काम केलं, त्यांचे आभार. शहरातला बंब यायला एक तास दहा मिनिटं लागली. तोवर विझवायला राखच उरली होती.

या जिल्ह्याला संकट नवं नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हाही आम्ही सासूबाईंना घेऊन बाहेर पडलो होतो. पण पुराची आम्हाला आधी खबर असते. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे आमच्याकडं शाळेतलं पोरगंसुद्धा सांगतं. कुठं जायचं, जनावरं कुठं न्यायची, कुणाला फोन करायचा, सगळं ठरलेलं असतं. दरवर्षी तोडणीच्या हंगामात कुठला ना कुठला फड जळतो. त्यासाठी मात्र काहीच ठरलेलं नाही.

त्या दिवशी आग अडवायला जे काही झालं ते माणसांनी केलं.

सगळ्यात आधी पोचला तो द्राक्षबागेत औषध मारायचा ब्लोअर. शिवारातल्या एका बागायतदार दादांनी टाकीत पाणी भरून ट्रॅक्टर थेट गोठ्याच्या तोंडाशी आणला. पाठोपाठ आणखी दोन आले. त्या तीन ब्लोअरनी शेजारच्या घराचं छप्पर भिजवत ठेवलं म्हणून ते आज उभं आहे. रोजे चालू होते. मुस्लिम गल्लीतली पोरं तोंडात पाण्याचा थेंब न घेता दोन तास ओढ्यावरून घागरी आणि दुधाचे कॅन वाहत होती. आमच्या उत्तरेला आणखी ऊस आणि त्यापलीकडं चार घरं आहेत. तिकडच्या फडात बीड जिल्ह्यातली बारा कोयत्यांची टोळी तोड करत होती. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणजे चोवीस माणसं. मुकादमानं आवाज दिला आणि त्या चोवीस जणांनी जाळाकडं तोंड करून वीस फुटी पट्टा तोडला, पाचट हातानं ओढून बाजूला केलं. आग त्या पट्ट्यापाशी थांबली. चार घरं वाचली.

संध्याकाळी त्याच टोळीतल्या दोघी जणी फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून आल्या. त्या स्वतः पाल्याच्या आणि ताडपत्रीच्या कोपीत राहतात. एकीनं आपल्या अंगावरची शाल सासूबाईंच्या खांद्यावर टाकली आणि निघून गेली. हंगाम संपला, टोळी गावी गेली. शाल आमच्याकडंच आहे. पुढच्या दिवाळीनंतर ती बाई पुन्हा आली तर तिच्या हातात नवी शाल द्यायची आहे.

ज्यांचा दोन एकर ऊस गेला त्या शेजाऱ्यांना कारखान्यात जळका ऊस म्हणून कपात सोसावी लागली. त्यांनीच आपली पुढची खोली आम्हाला रिकामी करून दिली. आम्ही आजही तिथंच आहोत. पाडव्याची गुढी मात्र सासूबाईंच्या हट्टामुळं आमच्याच जळक्या दारापुढं उभी केली. कळशी चुलत जावेची, साडी भिशीतल्या मैत्रिणीची.

ब्लाउजपीस ज्यांचे जळाले त्या तेवीस बायकांपैकी एकीनंही भरपाईचा शब्द काढला नाही. मी प्रत्येकीच्या दारात जाऊन सांगितलं, की जमेल तसे पैसे फेडीन. त्यावर नवव्या दिवशी बचत गटाच्या आक्का रिक्षात घालून एक जुनं पायमशीन घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “हे घे, आता लवकर शिवून दे, जाऊबाईच्या पोरीचं लगीन आलंय.” मी त्या मशीनवर डोकं ठेवून रडले. त्या सगळ्यांना, ज्यांची नावं इथं लिहिली नाहीत पण मला पाठ आहेत त्यांना, मी या पत्रातून हात जोडते.

आणि मग भांडी. तिसऱ्या दिवसापासून गावातून भांडी यायला लागली. पातेली, डबे, परात, तवा, ताटं, तांबे. आपल्याकडं भांडं द्यायचं ते नाव घालून. लग्नातलं असेल तर देणाऱ्याचं नाव, बारशातलं असेल तर बाळाचं, सोबत तारीख. गावानं आम्हाला स्वतःच्या संसारातली, अशी नावं घातलेली भांडी काढून दिली. एका परातीवर १९७८ साल आहे. एका आजीनं आपल्या गेलेल्या लेकाच्या मुंजीतला तांब्या दिला. मी नको म्हणत होते, पण त्यांनी तो माघारी नेला नाही. शेजाऱ्यांच्या खोलीत एका फळीवर हे सगळं आम्ही मांडून ठेवलं आहे.

पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी ती फळी पाहिली आणि लिहिलं, ‘संसारोपयोगी भांडी व साहित्य उपलब्ध.’

साहेब, ती आमची नाहीत. कुणी आपल्या चुलीवरचं पातेलं उचलून आम्हाला दिलं, ते आमच्या नुकसानीतून वजा करायला दिलेलं नाही. ही नक्कल घ्यायला गेले तेव्हा कार्यालयात मला सांगण्यात आलं, “गावानं तुम्हाला एवढं दिलंय, मग आता हेलपाटे कशाला घालता?” बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. पण ते ऐकून मला वाटलं, उद्या दुसऱ्या कुणाचं घर जळालं तर लोक भांडं द्यायच्या आधी विचार करतील. आपण दिलं तर त्यांचं सरकारी हक्काचं जाईल, असं त्यांच्या मनात येईल. हे मला सोसणार नाही.

आता पहिलं वाक्य. ‘अंशतः नुकसान.’ भिंती उभ्या दिसतात म्हणून असं लिहिलं असावं. छप्पर नाही, तुळई नाही, चौकट नाही. विटांमधली माती भाजून भुगा झाली आहे, बोट लावलं तर खाली पडते. आग ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत पूर-भूकंपासोबत आहे. त्या निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत सपाटीवरच्या पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये आहेत आणि अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००. कपड्यांचे २,५०० आणि भांड्यांचे २,५०० हेही घर पूर्ण गेलं असं लिहिलं तरच मिळतात. म्हणजे एका शब्दावर आमचं सगळं अडलं आहे. घरात आम्ही या आकड्यांवर बरंच बोललो. १,२०,००० मध्येही आज घर उभं राहत नाही, हे आम्हाला कळतं. पण पत्रा तरी चढतो. ६,५०० मध्ये राख उचलून ट्रॉलीनं बाहेर टाकण्याचा खर्चही निघाला नाही.

दुसरं वाक्य, ‘कारण अज्ञात.’ तात्या त्या वेळी बांधावर होते. वाऱ्यानं दोन तारा एकमेकींवर आदळल्या, ठिणग्यांचा पाऊस उसात पडला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पंचनाम्याच्या वेळी त्यांनी ते सांगितलंही. ते कागदावर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची माणसं आली, तारा ताणून घेतल्या, तारा एकमेकींना लागू नयेत म्हणून मधे दोन ठिकाणी स्पेसर बसवले, जळका तुकडा गुंडाळून घेऊन गेली. तीन महिने अडलेलं काम दोन तासांत झालं. ते काम करणाऱ्या पोरांवर माझा राग नाही, ती उन्हात खांबावर चढतात. माझा प्रश्न त्यांना पाठवणाऱ्यांना आहे. रस्ता सोडून इतर ठिकाणी उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटर वर हवी, असा सुरक्षेचा नियम आहे. आमच्याकडची तार वाढ्याला घासत होती आणि तुमच्याकडं तसा अर्ज होता.

आणखी एक. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ प्रमाणं, विजेच्या तारांमुळं झालेल्या अपघातात माणूस किंवा जनावर दगावलं तर कंपनीनं विद्युत निरीक्षकांना कळवायचं असतं आणि त्याची चौकशी होऊ शकते. आमची रेडी गेली. पशुवैद्यकीय डॉक्टरांचा दाखला आमच्याकडं आहे. निरीक्षकांना कळवलं का, हे दोन वेळा विचारलं. उत्तर मिळालं नाही.

कागदांचं थोडक्यात सांगते. रेशनकार्डाची दुसरी प्रत मागायला गेलो तर जुन्या कार्डाची झेरॉक्स मागितली. जळाल्याचा दाखला मागायला गेलो तर रेशनकार्ड मागितलं. लेकीचे प्रवेश जूनमध्ये आहेत.

आमच्या मागण्या अशा आहेत. घराची फेरपाहणी करा, सोबत बांधकामाचं कळणारा अभियंता आणा आणि भिंतीला हात लावून पाहा. तिसरं वाक्य पंचनाम्यातून काढा. पुढंही कुणाच्या पंचनाम्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिलेली वस्तू घरमालकाची म्हणून लिहू नका, तसं तलाठी-ग्रामसेवकांना लेखी कळवा. तात्यांचा जबाब नोंदवा. विद्युत निरीक्षकांकडून चौकशी करून घ्या, तिचा अहवाल आम्हाला द्या, आणि दोष तारांचा निघाला तर आमच्या घराची, गोठ्याची, रेडीची आणि शेजाऱ्यांच्या उसाच्या कपातीची भरपाई कंपनीनं द्यावी. जळालेल्या कागदांच्या दुय्यम प्रती एकाच खिडकीवर, विनाशुल्क मिळाव्यात.

एवढं आमच्यापुरतं झालं. पुढचा ऊस आत्ताच उगवून वर येतो आहे आणि येत्या हंगामात तो पुन्हा तारांखाली उभा असेल. दिवाळीच्या आत गावातल्या सगळ्या झोळ पडलेल्या तारांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, कुठली कधी ओढली तेही समोर लिहा. प्रत्येक डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, उपकेंद्राचा असा नंबर रंगवा, जो दिवसा-रात्री उचलला जाईल. आठ-दहा गावांत मिळून एक छोटा बंब ठेवा, अरुंद वाटेनं जाईल असा. आणि गावात पाणी उपसायला एक डिझेल इंजिन, म्हणजे वीज गेली तरी विहिरीतलं पाणी वर येईल. ग्रामपंचायत जागा द्यायला तयार आहे, तसा ठराव गेल्या ग्रामसभेत झाला आहे. बागायतदार मंडळींनी हंगामात ब्लोअर भरून तयार ठेवायची पाळी लावून घेतली आहे. गावानं आपला वाटा उचलला आहे.

७ जूनला मृग निघतो. त्याआधी घरावर छप्पर चढलं नाही तर त्या भिंती पहिल्या पावसात बसतील, आणि मग ‘अंशतः’ हा शब्द आपोआपच खोटा ठरेल. तशी वेळ आमच्यावर आणू नका.

फेरपाहणीला कधीही या. सकाळी दहापर्यंत मी शेजाऱ्यांच्या खोलीत मशीनवर असते, नंतर रानात. सासूबाई दिवसभर असतात. त्यांना वाचता येत नाही, पण कुठलं भांडं कुणाकडून आलं ते एकूण एक सांगतात. फळीवरची सगळी भांडी आम्ही तशीच ठेवली आहेत. खाली घ्या, पालथी करा आणि प्रत्येकावरचं नाव वाचून कागदावर लिहून घ्या.

आपली,
कृष्णाकाठच्या मळ्यातली एक शेतकरी बाई